आजींना समुद्र पाहायचा होता : ज्येष्ठांचा क्रूझ-प्रवास आणि कुटुंबाची तयारी

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी मुलासोबत माझ्या दवाखान्यात आल्या. पंधरा वर्षांचा मधुमेह, त्याहून जुना रक्तदाब आणि तीन वर्षांपूर्वी हृदयाची ताकद कमी झाल्याने, धाप लागून रुग्णालयात काढलेले आठ दिवस, असा त्यांचा इतिहास मला तोंडपाठ आहे. या वेळी तक्रार मात्र कोणतीच नव्हती. नातीने आपल्या पहिल्या पगारातून आजीसाठी मुंबई–गोवा–मुंबई अशा तीन रात्रींच्या क्रूझचे आरक्षण केले होते. मुलगा खुर्चीत बसता बसताच म्हणाला, ‘‘डॉक्टर, तुम्हीच आईला समजावा. या वयात हे तिला झेपायचं नाही.’’

आजी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘लग्न होऊन मालवणहून मुंबईला आले ती बोटीनंच. पडावातून बोटीवर चढवलं, डेकवर वळकटी पसरली आणि मुंबई येईपर्यंत मी नुसत्या उलट्या करत होते. समुद्रावरून आले, पण समुद्र काही पाहिला नाही. एकदा पाहायचाय.’’

वाचकहो, अशा वेळी डॉक्टरला ‘नको’ म्हणणे सर्वांत सोपे असते. ‘नको’ म्हटल्याने डॉक्टरवर कोणताही ठपका येत नाही. मुलालाही रात्री शांत झोप लागते. परंतु गेली अनेक वर्षे ज्येष्ठ रुग्णांना तपासताना मला एक गोष्ट उमगली आहे. काळजीपोटी आपण त्यांचे एकेक दार बंद करीत जातो आणि पुढे ‘आई हल्ली कशातच रस घेत नाही’ अशी तक्रारही आपणच करतो. म्हणून मी त्या दिवशी प्रश्नच बदलला. ‘आजींनी जावे का?’ याऐवजी ‘आजींना जाता यावे यासाठी काय काय करावे लागेल?’ असे आम्ही तिघांनी मिळून विचारले. त्या प्रश्नाची जी उत्तरे निघाली, ती आपल्यापुढे ठेवीत आहे.

जहाज ज्येष्ठांना का मानवते?

आठ दिवसांत सहा शहरे दाखविणाऱ्या बसच्या सहली आपण पाहिल्या आहेत. रोज पहाटे उठा, सामान बांधा, बसमध्ये चढा, नव्या खोलीतले नवे स्नानगृह अंधारात चाचपडा. गुडघे आणि मूत्राशय या दोघांनाही ही धावपळ सोसत नाही. जहाजावर सामान एकदाच उघडायचे असते. मुक्कामाची खोलीच आपल्याबरोबर प्रवास करते. शौचालय पाच पावलांवर, भोजन दिवसभर केव्हाही, आणि थकवा आला तर खोलीत जाऊन पडण्याची मुभा. बाकीची मंडळी गाव पाहायला उतरली तरी आजी-आजोबा डेकवरच्या खुर्चीत निवांत बसू शकतात.

मात्र ‘जहाजावर चालावे लागत नाही’ हा समज चुकीचा आहे. २०२४ मध्ये प्रवासाला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे महाकाय जहाज ३६५ मीटर लांब असून त्यास वीस मजले आहेत. अशा जहाजाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन येणे म्हणजे पाऊण किलोमीटरच्या आसपास चाल झाली. सर्व जहाजे एवढी मोठी नसतात, तरीही प्रवासापूर्वीचा महिनाभर रोज थोडे थोडे चालण्याचा सराव करावा. गुडघे साथ देत नसतील तर चाकांच्या खुर्चीची मागणी आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी. ऐन वेळी ती मिळेलच असे नाही.

केबिन निवडताना

केबिन शक्यतो जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर आणि उद्वाहनाजवळ घ्यावी. झोपाळ्याची टोके सर्वाधिक हलतात आणि मध्य कमी हलतो. जहाजाचेही तसेच आहे. हेलकावे पुढच्या-मागच्या टोकांना व उंच मजल्यांवर अधिक जाणवतात.

बिनखिडकीची केबिन स्वस्त असते, परंतु दिवा मालवताच तिथे मिट्ट काळोख होतो. रात्री दोन-तीनदा उठावे लागणाऱ्या व्यक्तीला त्या काळोखात दिशा कळत नाही, आणि स्मरणशक्ती मंदावलेली व्यक्ती तर घाबरून जाते. अशांसाठी खिडकीची केबिन घ्यावी आणि स्नानगृहातला दिवा रात्रभर तेवता ठेवावा. जहाजातील स्नानगृहाला बहुधा उंच उंबरठा असतो. पहिल्याच दिवशी तो ज्येष्ठांना दाखवावा, दोन-तीन वेळा ओलांडायला लावावा. रबरी तळव्याच्या, मागून बंद असलेल्या चपला वापराव्यात. जहाज स्थिर वाटत असले तरी चालताना एक हात कठड्यावर असलाच पाहिजे.

आणखी एक छोटी युक्ती. लांबच लांब मार्गिकेतील सगळी दारे एकसारखी दिसतात. ती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे फ्रिजवर चिकटवितो तसे एखादे चुंबकी चित्र आपल्या दारावर लावता येते. आजींच्या नातीने गणपती लावला होता. ‘गणपतीचं दार आपलं’ एवढे लक्षात ठेवणे पुरेसे झाले.

जहाजावरचा दवाखाना म्हणजे रुग्णालय नव्हे

मोठ्या क्रूझ जहाजांवर डॉक्टर व परिचारिका असतात. हृदयाचा आलेख, प्राणवायू, सलाईन, काही रक्ततपासण्या, हृदयाला विद्युत धक्का देण्याचे यंत्र अशा सोयी बहुधा असतात. मात्र शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी किंवा दीर्घ अतिदक्षता तिथे मिळत नाही. तेथील काम रुग्णाला सावरून पुढच्या बंदरापर्यंत सुखरूप पोहोचविण्याचे. या उपचारांचे शुल्क तिकिटात धरलेले नसते. परदेशी जात असाल तर प्रवासविमा घेताना मधुमेह, हृदयविकार आदी जुने आजार स्पष्ट लिहावेत. लपविलेला आजार विम्याचा दावा फेटाळण्याचे सर्वांत सोपे कारण ठरतो. रुग्णाला जहाजावरून तातडीने हलविण्याचा खर्च विम्यात धरला आहे का, हेही विचारून घ्यावे.

समुद्रात किनारा दूर गेला की मोबाइलचे जाळे नाहीसे होते. ‘काही झाले तर आपल्या डॉक्टरांना फोन करू’ हा भरवसा तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून कागद हवा. आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, ॲलर्जी, रक्तगट आणि नातेवाइकांचे क्रमांक एका पानावर लिहून घ्यावेत, सोबत अलीकडच्या हृदय-आलेखाची प्रत असावी. परदेशी जहाजासाठी हे पान इंग्रजीत असावे.

फ्लूची लस प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. न्यूमोनियाच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक न्यावीत आणि सर्व हातातल्या पिशवीत ठेवावीत. बंदरावर दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत यायला कित्येकदा संध्याकाळ होते. दुपारची गोळी त्या बॅगेत राहिली तर चुकलीच. इन्सुलिन थंड राहावे, पण गोठू नये. केबिनमधला छोटा फ्रिज काही वेळा पुरेसा थंड नसतो, तर काहींत मागच्या बाजूला बर्फ धरतो. तेव्हा जहाजाच्या दवाखान्यात चौकशी करावी. वापरलेल्या सुया कचऱ्यात न टाकता त्यांच्यासाठीचा डबा तिथूनच मागून घ्यावा.

बोट लागली तर

गाडी लागते तशी बोट लागते. कान सांगतो ‘आपण हलतो आहोत’, डोळे सांगतात ‘खोली तर स्थिर आहे’, आणि या विसंवादातून मळमळ सुरू होते. आताच्या मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात. ते जहाजाचे डोलणे पुष्कळ कमी करतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. जुनी मंडळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या का काढत नसत हे आपण जाणतोच. ज्येष्ठांना घेऊन जायचे तर हिवाळ्याचे महिने उत्तम.

मळमळू लागल्यास केबिनमध्ये पडून राहू नये. डेकवर मोकळ्या हवेत यावे आणि जिथे समुद्र व आकाश मिळते त्या रेषेकडे पाहत बसावे. ती रेषा स्थिर असते, म्हणून डोळे व कान यांचे पुन्हा जुळते. पोट अगदी रिकामे ठेवू नये. कोरडे बिस्कीट, थोडे आले चघळावे. वाचन व मोबाइल टाळावा.

गोळ्यांविषयी मात्र सावध असावे. प्रवासातल्या उलट्यांसाठी घरोघरी ठेवलेल्या गोळ्यांत बहुधा प्रोमेथाझिनसारखे औषध असते. तरुणाला त्याने थोडी गुंगी येते, एवढेच. ज्येष्ठांना मात्र त्यामुळे भ्रम होणे, तोल जाणे, तोंड कोरडे पडणे, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडणे असे त्रास होऊ शकतात. काचबिंदूच्या काही रुग्णांना ते घातक ठरते. म्हणून शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नये. आपल्याला कोणते औषध, किती मात्रेत चालेल हे निघण्यापूर्वीच विचारावे.

ताट आणि हात

जहाजावरचे भोजन हा सोहळाच असतो. शाकाहारी व जैन जेवणाचीही सोय अनेक जहाजांवर होते. तशी पूर्वसूचना द्यावी. मधुमेहींनी एक नियम पाळावा. ताट हाती घेण्यापूर्वी सगळ्या पदार्थांवरून एक फेरी मारावी, खरोखर आवडेल ते मनाशी ठरवावे आणि मग लहान ताटलीत वाढून घ्यावे. गोड खाऊच नये असे मी म्हणणार नाही. दोघांत एक घ्यावे आणि आस्वाद घेत खावे. सूप, लोणची, चीज, खारवलेले पदार्थ यांतले मीठ मात्र रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांना मोजावे लागते. परदेशी जहाजांवर न्याहारीला ग्रेपफ्रूटचा रस असतो. तो संत्र्यासारखाच दिसतो, पण कोलेस्टेरॉलच्या ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकतो. अशी गोळी चालू असल्यास साधे संत्रे बरे.

हजारो माणसे एकाच छताखाली राहतात तेव्हा संसर्ग झपाट्याने पसरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात रोखून धरलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर प्रवासी व कर्मचारी मिळून ३,७११ माणसे होती, त्यांपैकी ७१२ जणांना कोविडचा संसर्ग झाला. नेहमीच्या काळात जहाजावर अधिक आढळणारा पाहुणा म्हणजे नोरोव्हायरस, अर्थात उलट्या-जुलाब. हातावर चोळायच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारशी दाद देत नाही. साबण आणि वाहते पाणी, किमान वीस सेकंद, हाच खरा उपाय. अमेरिकेची सीडीसी ही संस्था तेथील बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी १९७५ पासून करीत आली आहे. शंभरांपैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाल्यास जहाज नापास ठरते. अलास्का किंवा कॅरिबियनला जाणाऱ्या कुटुंबांनी आपल्या जहाजाचे गुण आधी जरूर पाहावेत.

उलट्या-जुलाब सुरू झाल्यास लघवी वाढविणारी, रक्तदाबाची व मधुमेहाची काही औषधे तात्पुरती थांबवावी लागतात, तर इन्सुलिन मनाने बंद करणे धोक्याचे असते. कोणती गोळी केव्हा थांबवायची हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच त्या कागदावर लिहून घ्यावे.

टाळलेली एक गोळी

येथे मला माझे एक जुने रुग्ण आठवतात. ते निवृत्त शिक्षक होते आणि त्यांचे हृदय अशक्त होते. मुलाने हौसेने त्यांना युरोपातल्या क्रूझवर नेले. रोज एका बंदरावर उतरायचे, तीन-चार तास फिरायचे. वाटेत शौचालय मिळेल की नाही या संकोचाने गुरुजींनी सकाळची ‘लघवीची गोळी’ घेणेच बंद केले. कोणालाच सांगितले नाही. सोबत रोजचे खारे सूप. चौथ्या रात्री त्यांना आडवे होता येईना. पलंगावर बसून ते धापा टाकू लागले. जहाजावरच्या डॉक्टरांनी प्राणवायू व इंजेक्शने देऊन त्यांना सावरले, परंतु पुढचा सारा प्रवास केबिनमध्येच गेला. परतल्यावर मला म्हणाले, ‘‘मुलाला सारखं थांब म्हणायची लाज वाटली हो.’’

चूक गुरुजींची एकट्याची नव्हती. मी त्यांना गोळ्या लिहून दिल्या, पण ‘बाहेर फिरायच्या दिवशी काय कराल?’ हे विचारले नाही. उत्तर साधे होते. गोळी टाळायची नाही. ती फिरून आल्यावर दुपारी घेतली तरी अनेकांना चालते. तुमच्या बाबतीत चालेल का, एवढे डॉक्टरांना विचारायचे. आणि मुला-सुनांनीही न विचारता, दर तासाला, स्वतःलाच जायचे आहे असे दाखवून शौचालय गाठायचे. पावलांवर सूज येणे, रात्री उशीवर उशी घ्यावी लागणे, पायऱ्या चढताना नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता जहाजाचा दवाखाना गाठावा.

बंदरावर उतरताना

गोव्यात मुरगावला जहाज धक्क्याला लागते आणि शिडीवरून उतरता येते. लक्षद्वीपला किंवा ग्रीसमधल्या सँटोरिनीला मात्र मोठे जहाज खोल पाण्यातच उभे राहते आणि लहान बोटीतून किनारा गाठावा लागतो. आजींच्या भाषेत, पडावात उतरावे लागते. लाटा असतील तर ही चढ-उतार तोल सांभाळू न शकणाऱ्यांसाठी खरोखर धोक्याची असते, आणि चाकांच्या खुर्चीतल्या प्रवाशाला अशा वेळी मनाई होऊ शकते. आरक्षणापूर्वीच प्रत्येक बंदराविषयी हे विचारावे. उतरल्यास पाणी, टोपी, साखरेची पुडी आणि दुपारची औषधे सोबत असावीत. न उतरल्यास त्याची खंत नसावी.

पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की ठरलेल्या जागी जमायचे. थकव्याचे निमित्त करून ती टाळू नये. आपत्तीत उद्वाहन वापरता येत नाही. म्हणून जिना उतरू न शकणाऱ्या ज्येष्ठांचे नाव त्याच दिवशी कर्मचाऱ्यांकडे नोंदवावे.

सोबत करणाऱ्यांसाठी

लेक, सून, मुलगा, नात यांपैकी जी व्यक्ती वर्षभर सांभाळ करते, तिचीही ही सुटी आहे. दोन-तीन जण असल्यास पाळ्या लावाव्यात. सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या खिशात नाव व केबिनचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, जेवणाची व झोपेची वेळ घरच्यासारखीच राखावी, कर्णकर्कश कार्यक्रमांना नेऊ नये. आणि कृपया दर दहा मिनिटांनी ‘बरं वाटतंय ना?’ असे विचारू नये. सतत तपासणी चालू असेल तर माणूस प्रवासी राहत नाही, रुग्णच राहतो.

केव्हा जाऊ नये?

अलीकडेच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल. बसल्या जागी धाप लागत असेल. छातीतले दुखणे वाढत असेल. ताप किंवा जुलाब चालू असतील, तर प्रवास पुढे ढकलावा. डायलिसिस किंवा कायम प्राणवायू लागणाऱ्यांनी विशेष व्यवस्थेची लेखी खात्री झाल्याशिवाय निघू नये. रात्री बिथरून बाहेर पडणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी अनोळखी जहाज योग्य जागा नव्हे. इतरांसाठी मी एक साधी चाचणी करते. दवाखान्याचा एक जिना न थांबता, फारशी धाप न लागता चढता येतो का, ते पाहते.

आजी तो जिना सावकाश चढल्या. हृदयाचा आलेख, रक्तातील साखर, मूत्रपिंडाची तपासणी पाहून मी पत्र लिहून दिले, आणि दुपारच्या गोळीची वेळ त्यावर ठळक अक्षरांत घातली.

जानेवारीत त्या पुन्हा आल्या. पावलांवर सूज नव्हती, साखर थोडी वाढलेली होती. ‘‘दोन गुलाबजाम खाल्ले,’’ असे त्यांनी आपणहून कबूल केले. गोव्यात त्या उतरल्याच नाहीत. मुलगा आणि नात गाव पाहून आले, आजी डेकवर बसून राहिल्या. परतीच्या रात्री जेवणानंतर कठड्याजवळ खुर्ची घेऊन त्या अंधाराकडे पाहत होत्या. दूर किनाऱ्यावर एका दीपस्तंभाचा प्रकाश उघडझाप करीत होता. कोणत्या गावचा, ते कोणालाच सांगता आले नाही.

मुलगा म्हणाला, ‘‘डॉक्टर, मी पहिले दोन दिवस आईकडे बघत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, ‘माझ्याकडे काय बघतोस, समुद्राकडे बघ.’’’

‘‘आणि आजी, बोट लागली का?’’ मी विचारले.

‘‘थोडी लागली. पण या वेळी डोळे उघडे ठेवले,’’ असे म्हणून त्या हसल्या आणि रक्तदाब मोजण्यासाठी त्यांनी हात पुढे केला.